आबा म्हणतात सवय होते, नवरा म्हणतो एसी लाव

या वेळचं पत्र:

"मावशी, मी मूळची रत्नागिरीची. लग्नाला नऊ वर्षं झाली पण ग्वाल्हेरला आजवर फक्त दिवाळीत यायचे. आता ह्यांची बदली इकडे झाली आणि आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात सामानासकट इथल्या लश्कर नावाच्या वस्तीतल्या घरी येऊन पडलो. दहा दिवस झाले, रोज ४४-४५. पहिल्या चार दिवसांत मला दोनदा चक्कर आली, एकदा देवपूजेवरून उठताना आणि एकदा ओट्याशी. गंमत म्हणजे रत्नागिरीला मी दिवसभर घामाने निथळायचे, इथे घामच दिसत नाही, तरी संध्याकाळी काळ्या ब्लाउजवर पांढरे नकाशे उमटलेले असतात. पाच-पाच लिटर पाणी पिते तरी डोकं दुखतं. सासरे, म्हणजे आबा (वय ७४, बीपीची गोळी चालू), म्हणतात सवय होते गं, आमच्या पाच पिढ्या लश्करात गेल्या, आम्हाला लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही. स्वतः दिवसाला जेमतेम तीन भांडी पाणी पितात, तहानच लागत नाही म्हणतात, आणि भर बारा वाजता पासबुक भरायला बाड्यावरच्या, म्हणजे बाजाराच्या चौकातल्या, बँकेत जातात. सासूबाई त्यांच्या खिशात कांदा घालून देतात. हे म्हणतात ते सगळं सोड, चोवीस तास एसी लाव. खरं कोणाचं? ता.क. कुंडीतली तुळस रोज दुपारी मान टाकते, मी रोज दुपारी पाणी घालते, तरी दिवसेंदिवस पिवळी पडतेय."
— रत्नागिरीची सून, लश्कर

अगं सूनबाई, आधी निकाल देऊन टाकते कारण तुला तो आज संध्याकाळच्या चहाला घरात वापरायचा असेल. आबांचं अर्धं खरं, तुझ्या नवऱ्याचं पाव खरं, आणि सासूबाईंचा कांदा जेवणात कोशिंबीर म्हणून उत्तम, खिशात ठेवून त्याने फक्त सदऱ्याला वास येतो. उरलेलं पाव तुझ्याकडे आहे, त्या काळ्या ब्लाउजवर लिहिलेलंय, त्याच्याकडे येतेच.

मी तीस वर्षं इथल्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवली, त्यामुळे मधूनमधून मास्तरीणबाई होऊन बोलेन, सहन कर.

आतलं टेम्परेचर ३७ च्या आसपास ठेवायचं हा शरीराचा हट्ट आहे. बाहेर जानेवारीतली ४ डिग्री असो (येईल, तीही येईल, तेव्हा रजईत बसून मला दुसरं पत्र लिहिशील) नाहीतर आत्ताची ४५, आत फार हलू द्यायचं नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग हे सगळं बघतो, कातडीकडून त्याला बाहेरची बातमी येते आणि त्याच्यातून वाहणाऱ्या रक्ताकडून आतली. गच्चीवरच्या टाकीतला फुगा बघितलायस ना, पाणी उतरलं की फुगा खाली आणि नळ चालू, पाणी चढलं की फुगा वर आणि नळ बंद, कोणाला वर जाऊन बघावं लागत नाही. शरीरात असे फुगे पुष्कळ आहेत, टेम्परेचरचा वेगळा, साखरेचा वेगळा, मिठाचा, पाण्याचा, प्रेशरचा, आणि गोची अशी की सगळे एकाच रक्तावर काम करतात, एकाला सांभाळायला गेलं की दुसऱ्याची ओढाताण. १९२६ मध्ये वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ह्या सगळ्या सांभाळासांभाळीला होमिओस्टॅसिस असं नाव दिलं. आमच्या पेपरात दर वर्षी पाच मार्कांना असायचं, मुलं व्याख्या पाठ करून यायची आणि एप्रिलच्या परीक्षेत घाम पुसत पुसत लिहायची, आपण जे पुसतोय तेच उत्तर आहे हे कोणाच्या डोक्यात यायचं नाही.

तर घाम. आपण नुसतं बसलेलो असलो तरी शरीर जुन्या १०० वॅटच्या बल्बाएवढी उष्णता तयार करत असतं, ती बाहेर टाकायला हवी. थंडीत काम सोपं, कातडी ३३-३४ डिग्री आणि हवा त्याहून गार, उष्णता आपोआप निघून जाते. ४५ ला सगळं उलटं होतं, हवाच कातडीपेक्षा गरम, म्हणजे उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आत येते, भिंतींतून येते, पंख्याच्या वाऱ्यातून येते. मग एकच दार उघडं राहतं, घामाचं वाळणं. नीट ऐक, घाम येणं वेगळं आणि वाळणं वेगळं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो आणि तोच घाम जमिनीवर ठिबकला तर जवळपास काहीच नेत नाही, नुसतं पाणी आणि मीठ वाया. रत्नागिरीला हवा आधीच ओलीचिंब, घाम वाळत नाही, अंगावर राहतो, म्हणून तुला वाटायचं बापरे केवढा घाम. इथे मेमध्ये हवा इतकी कोरडी की घाम कातडीवर आला रे आला की उडाला, तुला दिसायच्या आत. येतोय भरपूर, फक्त पुरावा शिल्लक राहत नाही. एकच पुरावा राहतो, पाणी उडून गेल्यावर मागे उरलेलं मीठ. तेच तुझ्या ब्लाउजवरचे नकाशे.

ह्यावरची एक गोष्ट मला फार आवडते, दरवर्षी वर्गात सांगायचे. १७७४ च्या थंडीत लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचे डॉक्टर आणि त्यांचे काही मित्र एका भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत जाऊन उभे राहिले. खोलीतली कोरडी हवा पाणी उकळतं त्याहून गरम. एक कुत्राही घेतला होता बरोबर, त्याला टोपलीत ठेवला, पाय भाजू नयेत म्हणून. त्याच खोलीत ठेवलेली अंडी कडक उकडली गेली, मांसाचा तुकडा शिजून निघाला, आणि माणसं न् कुत्रा आपले धडधाकट बाहेर आले, अंगाचं टेम्परेचर जेमतेम हललेलं. पुढची गंमत तर त्याहून भारी, त्यांनी आत पाण्याचं भांडं ठेवलं तर ते काही केल्या उकळेना, कारण वरून सारखी वाफ उडत होती आणि पाणी गार ठेवत होती. मग त्यात थोडं तेल टाकलं, तेलाचा थर वर पसरला, वाफ अडली, आणि पाणी उकळलं! आपला माठ ह्याच्यावरच चालतो की नाही. म्हणून तुला सांगते, मेमध्ये नायलॉनची, पॉलिएस्टरची साडी म्हणजे तो तेलाचा थर समज, सुती नेस आणि जरा सैल.

आता चक्कर. शरीराला उष्णता बाहेर टाकायची असते म्हणून ते कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद करतं, पुष्कळ रक्त कातडीकडे पाठवतं, म्हणून चेहरा लाल होतो. पण रक्त तेवढंच, आणि घामाने त्यातलं पाणी उलट कमी झालेलं. एका टाकीवर दोन नळ पूर्ण सोडले की वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते ना, तसं. तू मांडी घालून बसलेली असताना ठीक चाललेलं असतं, झटकन उठलीस की रक्त पायात उतरतं, वरच्या मजल्यावर म्हणजे मेंदूत प्रेशर पडतं, डोळ्यांपुढे अंधारी. प्रेशरचा फुगा मानेतल्या रक्तवाहिनीत असतो, तो लगेच हृदयाला सांगतो जोरात चाल, पण दोन-चार सेकंद लागतात आणि तेवढ्यात तू ओट्याला धरलेलं असतंस. उपाय साधा, हळू उठ, आधी पाट धरून दोन क्षण थांब, आणि सकाळची पूजा उपाशीपोटी कोरड्या घशाने करू नको, देव एवढा कडक नसतो. असं करूनही चक्कर येतच राहिली तर मात्र डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन वगैरे बघून घे, सगळंच उन्हावर ढकलायचं नाही.

आता आबांचं अर्धं खरं. सवय होते, अगदी खरी होते, मनाची समजूत नाही. रोज थोडा वेळ उन्हाळा अंगावर घेतला तर साधारण आठ ते चौदा दिवसांत शरीर आतून बदलतं. आधी रक्तातलं पाणी वाढतं, म्हणजे टाकीच मोठी होते, त्यामुळे हृदयाची धडधड कमी होते. मग घाम लवकर सुटायला लागतो, आणि जास्त सुटतो. आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट, घामातलं मीठ कमी होतं. किडनीवर टोपीसारख्या ज्या ॲड्रिनल ग्रंथी आहेत त्या अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन जास्त सोडतात, ते घामाच्या ग्रंथींना सांगतं की पाणी जाऊ द्या, मीठ परत आत घ्या. म्हणजे तुझ्या ब्लाउजवरचे नकाशे हे नवीन आल्याची खूण आहेत, आबांच्या सदऱ्यावर ते इतके नसतील. अजून आठ-दहा दिवसांनी तुझेही फिके पडायला लागतील, बघ.

पण आबा इथे एक घोटाळा करतायत. सवय पाच पिढ्यांची नसते. ती सातबाऱ्यासारखी नावावर चढत नाही, दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये नव्याने कमवावी लागते आणि उन्हातून दोन-चार आठवडे बाजूला झालात की उतरते. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमाराला इथे पडली, त्या लष्कराच्या तळावरूनच आपल्या वस्तीचं नाव लश्कर, आपल्यापैकी पुष्कळांची घराणी त्या काळात दख्खनेतून आली हे सगळं मान्य, अभिमान मलाही आहे, पण छावणीबरोबर आलेल्या खापरपणजोबांचा घाम आज आबांच्या कामी येत नाही. आणि हे मी अनुभवाने सांगतेय, पुस्तकातून नाही. सहा वर्षांपूर्वी सगळा एप्रिल मी लेकीकडे बेंगळुरूला काढला, छान गार हवेत, आणि दहा मेला परतले ती थेट भाच्याच्या मुंजीत उभी. मला वाटलं मी जन्माची ग्वाल्हेरची, मला काय होतंय. सकाळपासून डोकं दुखत होतं, मी ॲसिडिटी समजून गोळी घेतली, पाणी प्यायला सवड नाही, पंगतीत वाढत होते आणि जिलबीच्या ताटासकट खाली बसले. झूलॉजीची मास्तरीण! विद्यार्थीच होता एक तिथे, त्यानेच उचलून सावलीत नेलं आणि वर विचारतो, मॅडम होमिओस्टॅसिस? अजून चिडवतो मेला.

तेव्हा सवय करायची तर अशी कर. रोज तास-दीड तास, सकाळी नाहीतर ऊन कलल्यावर, घरातलंच काम पंख्याखाली पण एसीशिवाय, नाहीतर जवळच्या बाजारात एक फेरी, थोडा घाम यायला हवा एवढंच. दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही, त्याने सवय होत नाही, फक्त लू लागते. आणि रात्री गार झोप मिळाली पाहिजे, रात्रभर शरीर तापलेलंच राहिलं तर दिवसाची भरपाई होत नाही. आपल्या जुन्या घरांची दगडी छपरं दिवसभर ऊन पितात आणि रात्री तेच आपल्यावर ओततात, म्हणून आपल्या आज्या संध्याकाळी गच्चीवर छिडकाव करायच्या, पाणी असेल तर अजूनही कर, दोन बादल्यांत फरक कळतो.

पाच लिटर पाणी पिऊन डोकं का दुखतं, तर बघ, पहिल्या दोन आठवड्यांत तुझ्या घामातून मीठही बक्कळ जातंय आणि तू परत नुसतं पाणी भरतेयस. रक्त पातळ होतं, किडनी म्हणते जास्तीचं पाणी बाहेर काढा, तू परत पितेस, असा खेळ. नुसतं पाणी फारच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम (मिठातला तो मुख्य भाग) इतकं उतरू शकतं की माणूस मळमळ, गोंधळ, फिट इथपर्यंत जातो, तेव्हा जास्त पाणी म्हणजे जास्त चांगलं असं नाही. तुला बीपी नाहीये ना, मग दिवसातून दोनदा कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, जेवणात नेहमीचं मीठ, बास. घरचं ओआरएस (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी) करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, पोहे खायचा नाही. साखर चवीला नसते त्यात, आतड्याच्या भिंतीत एक दार असतं जे साखर आणि सोडियम जोडीने आले तरच नीट उघडतं, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी आत शिरतं. एवढ्याशा गोष्टीवर १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस ह्यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना सलाईन संपल्यावर असंच पाणी पिंपातून पाजायला लावलं आणि माणसं वाचवली.

पाणी पुरतंय का हे लिटर मोजून कळत नाही, लघवीचा रंग बघ. फिकट, गव्हाच्या काडीसारखा, तर ठीक. मोहरीच्या तेलासारखा झाला (आपल्या भागात हा रंग समजावून सांगावा लागत नाही) तर समज की किडनी थेंब थेंब वाचवतेय. त्यामागेही हायपोथॅलॅमसच असतो, रक्त एक-दोन टक्के जरी घट्ट झालं तरी तो व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सोडायला लावतो, किडनी पाणी धरून ठेवते, आणि घशाला तहान लागते.

आणि इथेच आबांची अडचण आहे. ते खोटं नाही बोलत, त्यांना खरंच तहान लागत नाही. साठी-सत्तरीनंतर तहानेचा फुगा जरा अडकायला लागतो, रक्त घट्ट झालं तरी बातमी उशिरा जाते. त्यात म्हाताऱ्या किडनीला पाणी पूर्वीसारखं वाचवता येत नाही, आणि घामही उशिरा आणि कमी सुटतो. म्हणजे टाकी रिकामी होतेय आणि फुगा वरच. म्हणून त्यांना "तहान लागली की प्या" हा सल्ला निरुपयोगी, त्यांनी घड्याळावर प्यायचं. उठल्यावर, चहाआधी, दहाला, जेवताना, चारला, संध्याकाळी. पण तू जाऊन "आबा पाणी प्या" म्हणू नको, सून म्हणून तुझं ऐकणार नाहीत आणि वर सवयीची कथा परत ऐकवतील. त्यांच्या खुर्चीशेजारी छोटी सुरई आणि त्यांचं आवडतं भांडं ठेव, शेजारी, स्वयंपाकघरात नाही, उठावं लागलं की माणूस टाळतो. चहा चालू दे, सवयीच्या चहाबाजाला चहाचं पाणीही पाणीच. खरबूज, कलिंगड, काकडी, पातळ आमटी, हेही सगळं पाणीच की. आणि नातवाला कामाला लाव, "आबा, तुमचं दहाचं भांडं राहिलं", नातवापुढे कोणाची टाप आहे.

एक गोष्ट मात्र तुझ्या नवऱ्याने स्वतः करायची, ह्याच आठवड्यात. आबांची बीपीची गोळी कोणती आहे ते घेऊन त्यांच्या डॉक्टरांना भेटायचं. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ काढूनच काम करतात, पाण्याची गोळी म्हणतात ती, काही हृदयाचा वेग वाढू देत नाहीत, आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या घाम कमी करतात. उन्हाळ्यात डोस बदलायचा का, पाणी किती, मीठ किती, हे डॉक्टर सांगतील. मनाने गोळी बंद करायची नाही आणि तुझं मीठ घातलेलं ताक-पन्हंही त्यांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही.

राहिलं पासबुक. आबांना एकदा सकाळी अकराच्या पुढे खिडकीतून बाहेर बघायला बसव. तारेवरचा कावळा चोच उघडी टाकून बसलेला असतो, पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात, तो घशातून वाफ काढतो. गल्लीतला कुत्रा नाल्याच्या ओल्या मातीत पोट टेकून, जीभ बाहेर, कारण त्याला घाम फक्त पंज्यांना. म्हशीला घाम कमी आणि कातडी काळी, ती डबक्यात जाऊन बसते आणि हलत नाही. इकडे चंबळच्या वाळूवर थंडीत घडियाल (लांब तोंडाच्या सुसरी) दिवसभर उन्हात पडलेले दिसतात (मुरैनाच्या बाजूला नक्की जा हिवाळ्यात, मुलांना दाखव), त्यांना आतून उष्णता तयार करायची सोयच नाही, गार वाटलं की वाळूवर, गरम झालं की पाण्यात, संपला विषय. शरीराचं टेम्परेचर सांभाळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे जागा बदलणं, त्याला घाम लागत नाही, मीठ लागत नाही, फक्त उठून सरकावं लागतं, आणि सगळ्या जनावरांना ते कळतं. भर बाराला पासबुक घेऊन निघतो तो फक्त माणूस. बँक सकाळीही उघडी असते म्हणावं, आणि जायचंच तर डोक्याला ओला गमछा बांधा, कांद्याने जे होत नाही ते ओल्या गमछ्याने होतं.

तुझ्या नवऱ्याचं पाव खरं एवढ्यासाठी की आबांसाठी दुपारचे दोन-तीन तास गार खोली हा चैनीचा प्रकार नाही, गरज आहे. पण २६-२७ वर लाव, १८ वर नको, आणि तुम्ही दोघं चोवीस तास त्यातच बसलात तर शरीराला शिकायला काही उरणार नाही, मग लाइट गेली की तुम्ही जूनमध्येही पहिल्या दिवसासारखेच. सध्या कोरड्या हवेत कूलर मस्त चालतो, फक्त समोरची खिडकी थोडी उघडी ठेव, नाहीतर खोलीतली हवा ओली होऊन घाम वाळायचा थांबतो आणि तुला रत्नागिरी आठवेल. जुलैत पाऊस सुरू झाला की कूलर आणि माठ दोन्ही रुसतात, तेव्हा ३६ डिग्रीतही जीव नको होतो. आणि चाळिशीच्या वर, बंद खोलीत, कोरड्या अंगावर नुसता पंखा म्हणजे भट्टीपुढे भाता, आधी अंग ओलं कर मग पंखा लाव.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना, नातवालाही, पाठ करून घे. कोणी उन्हात असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या जायला लागल्या, अंग तव्यासारखं तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर तो ताप नाही, उष्माघात आहे. तापात हायपोथॅलॅमसने स्वतःच काटा वर सरकवलेला असतो, म्हणून तर ताप चढताना थंडी वाजते, आणि पॅरासिटामॉल तो काटा खाली आणतं. उष्माघातात काटा जागेवरच असतो, गार करणारी यंत्रणा हरलेली असते, तिथे पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही. घाम येत असला तरी फसायचं नाही, तो येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. १०८ ला फोन, सावलीत आणायचं, कपडे सैल, जितकं मिळेल तितकं पाणी अंगावर ओतून जोराचा वारा, काखेत, मानेला, जांघेत बर्फाच्या पुरचुंड्या. शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. गाडी येईपर्यंत गार करत राहायचं, वाट बघत बसायचं नाही.

आता तुझी तुळस, ती तर मला सगळ्यात आवडली पत्रात. पानांना खालून बारीक बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं, त्यातून वाफ जाते आणि पान गार राहतं, म्हणजे तुळशीचाही घामच म्हण ना. दुपारी हवा इतकं पाणी खेचते की मुळं पुरवठा करून दमतात, मग पानं ढिली पडतात, झाड ॲब्सिसिक ॲसिड नावाचं हार्मोन सोडून छिद्रं मिटून घेतं आणि मान खाली घालून उन्हाला कमी अंग दाखवतं. तिने बारा वाजता बाजारात जायचं टाळलेलं असतं, एवढंच. तू प्रत्येक वेळी त्याला तहान समजून पाणी ओततेस, माती सतत चिखल, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात आणि पानं पिवळी पडतात. पाणी फक्त सकाळी घाल, बोट पेरभर मातीत घालून कोरडी लागली तर. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत असेल तर मातीच्या कुंडीत लाव, ती माठासारखी स्वतः गार राहते. दुपारी वर एखादं जुनं पातळ धर. आणि संध्याकाळी सातला जाऊन बघ, मान आपोआप वर आली असेल तर तिला काही नको आहे, सकाळीही खालीच असेल तर मात्र खरंच पाणी हवंय.